ऑबर्नचं जुन्या गाड्यांचं म्युझियम: आईबाबांना घेऊन जाताय तर हे वाचा

सगळ्यात आधी घड्याळ. शिकागोहून निघत असाल तर इंडियानातलं ऑबर्न एक तास पुढे आहे हे लक्षात ठेवा, आम्ही ठेवलं नाही, रमतगमत गेलो आणि पोचलो तेव्हा बंद व्हायला जेमतेम दीड तास उरलेला. निदान तीन तास हवेत. वेळा त्यांच्या साइटवर बघून घ्या. पोळीभाजीचा डबा न्या, गाव लहान आहे, फोर्ट वेन अर्ध्या तासावर आहे तिथे खायचे पर्याय बरे मिळतात.

म्युझियम आहे ऑबर्न, कॉर्ड आणि ड्यूझेनबर्ग या गाड्यांच्या तीन जुन्या अमेरिकन ब्रँडचं, आणि तिन्ही एरेट लॉबन कॉर्ड या एकाच माणसाच्या हातात होते. १९२४ साली तो डबघाईला आलेल्या ऑबर्न कंपनीत आला, १९२६ मध्ये ड्यूझेनबर्ग घेतली आणि १९३७ पर्यंत तिन्ही गाड्या बंद. बस, एवढं माहीत असलं तरी पुरे.

आत शिरल्यावर लगेच गाड्यांकडे पळू नका. ही इमारत १९३० ची, ऑबर्न कंपनीचं हेड ऑफिस आणि शोरूम होती, म्हणजे तुम्ही उभे असता तिथेच गिऱ्हाईक उभं राहायचं. आधी खाली टेराझोची, म्हणजे दगडाचे तुकडे घालून घोटलेल्या फरशीची नक्षी बघा, मग वर दिवे बघा आणि मग गाडीकडे वळा. वरच्या मजल्यावर जुनी ऑफिसं आहेत तीही चुकवू नका, पण आईबाबांचे गुडघे दुखत असतील तर काउंटरवरच लिफ्टचं विचारून घ्या.

ड्यूझेनबर्ग मॉडेल जे समोर निवांत थांबा. ६.९ लिटरचं इंजिन, आठ सिलिंडर एका रांगेत, कंपनीचा दावा २६५ हॉर्सपॉवरचा आणि तोही १९२८ साली! बाबांनी आयुष्यभर प्रीमियर पद्मिनी चालवली, त्यांना म्हटलं पद्मिनीची सहा इंजिनं एकत्र करा तेव्हा हे होतं, तर ते नुसते बॉनेटच्या लांबीकडे बघत राहिले. किंमत सुरुवातीला साडेआठ हजार डॉलर, ती पण नुसत्या चॅसीची, म्हणजे इंजिन आणि चाकांसकट सांगाड्याची, बॉडी वेगळ्या कारागिराकडून बांधून घ्यायची, त्यामुळे दोन गाड्या सहसा सारख्या दिसत नाहीत. काचेतून डॅशबोर्ड बघा. ऑइल बदलायची वेळ झाली, बॅटरी तपासा, हे सांगणारे दिवे होते त्यात, आपल्या गाडीत आता येतात तसे.

आई कंटाळली असेल तर तिला सांगा की इंदूरचे विसाव्या शतकातले महाराज यशवंतराव होळकर यांनीही एक ड्यूझेनबर्ग मागवली होती, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची, रंग केशरी-काळा. माझी आई लगेच जागी झाली. ती गाडी इथे बघायला मिळेल असं समजून मात्र जाऊ नका.

पण माझं मत विचाराल तर खरी मजा कॉर्ड ८१० मध्ये आहे, १९३६ ची. हेडलाइट दिसतच नाहीत, मडगार्डच्या आत लपवलेत. बाहेर काढायला डॅशबोर्डच्या दोन टोकांना एकेक हँडल, ते हाताने फिरवायचं. म्हणजे अंधार पडला की बायकोला म्हणायचं, जरा तुझ्या बाजूचा दिवा फिरव गं. स्टीअरिंगजवळ गिअरची एवढीशी दांडी आहे ती पण शोधा, बाबांना वाटलं पद्मिनीसारखा कॉलम गिअर, पण इथे आधी गिअर निवडून ठेवायचा आणि क्लच दाबला की तो पडणार.

शेवटी ऑबर्न ८५१ स्पीडस्टर, होडीसारखी मागे निमुळती. डॅशबोर्डवर छोटी पट्टी आहे, ही गाडी ताशी शंभर मैलांच्या वर पळवून बघितलीय अशी, खाली रेसर अॅब जेनकिन्सची सही.

गाड्यांना हात लावायचा नाही, मुलांना आधीच दम देऊन ठेवा. आणि लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) वीकेंडला जायचं असेल तर हॉटेल खूप आधी बुक करा, तेव्हा गावात मोठा फेस्टिव्हल असतो, गर्दी भयंकर, पण याच जातीच्या गाड्या तेव्हा रस्त्यावर चालताना दिसतात आणि त्या इंजिनाचा आवाज म्युझियममध्ये काही ऐकायला मिळत नाही.