निधीचा अर्ज गावातच अडतो : या चुका टाळा

तळ्यातला गाळ काढायचा आहे, देवराई राखायची आहे, कांदळवनाची रोपवाटिका उभी करायची आहे. काम खरं, माणसं खरी, तरी अर्ज परत येतो. गावोगावच्या छोट्या संस्थांचे असे अर्ज मी बरीच वर्षं वाचतो, दुरुस्त करून देतो. इंग्रजी कच्चं म्हणून नाकारलेला अर्ज क्वचितच पाहिला. निधीची जाहिरात येण्याआधी जे उरकायला हवं होतं ते न उरकल्यामुळे पडलेले अर्ज मात्र ढिगाने पाहिले.

सगळ्यात मोठा घोळ कागदांचा. संस्था जुनी असते. मधल्या काळात एक विश्वस्त वारलेले असतात, एक गाव सोडून गेलेले असतात. नवी माणसं घेतली जातात, इतिवृत्तात सह्याही होतात, पण धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याचा अहवाल, दाखलच झालेला नसतो. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम २२ नुसार तो बदल झाल्यापासून ९० दिवसांत द्यायचा असतो. शेड्यूल १ च्या उताऱ्यावर, म्हणजे विश्वस्तांची नावं असलेल्या सरकारी नोंदीवर, जुनीच नावं दिसली, की निधी देणारा विचारतो : करारावर सही करणारे हे कोण? एका गावाचं तलावाचं काम याच प्रश्नावर थांबलेलं मी पाहिलं आहे, आणि त्याची हळहळ अजून जात नाही. म्हणून सगळ्यात आधी हा उतारा काढून बघा. नावं जुनी असतील तर विलंब माफीच्या अर्जासह चेंज रिपोर्ट दाखल करा आणि त्याची पोच प्रस्तावाला जोडा.

संस्थेला करमाफी आणि देणगीदाराला करसवलत देणाऱ्या आयकराच्या नोंदण्या, ज्यांना १२ए आणि ८०जी म्हणतात, त्या आता एकदा मिळाल्या की कायमच्या राहत नाहीत. मुदत संपण्याच्या निदान ६ महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, निधी हवा असेल तर १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ या अर्जाने केलेली सरकारी नोंदणीही लागते, शिवाय ३ वर्षांच्या कामाचा दाखला. काल नोंदवलेल्या संस्थेने या दारावर वेळ घालवू नये. त्यापेक्षा अनुभवी संस्थेबरोबर भागीदारीत एखादं छोटं काम करावं.

परदेशी पैशाबद्दल तर मनापासून सांगतो, घाई करू नका. गावातला कुणी परदेशात स्थायिक असतो, तळ्यासाठी पैसे पाठवतो म्हणतो. त्याचा पासपोर्ट भारतीय असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल, तर ती परदेशी देणगी ठरत नाही. त्याने परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, तर रक्कम रुपयांत दिली तरी परदेशी देणगीच, आणि त्यासाठी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या नियमनाच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवीच. ‘दुसऱ्या संस्थेच्या एफसीआरए खात्यातून घेऊ’ ही वाट २०२० च्या दुरुस्तीने बंद झाली आहे.

पुढची चूक जमिनीची. प्रस्तावात ‘गावालगतची पडीक जमीन’ असं लिहिलेलं असतं. ती गायरान आहे, वनखात्याची आहे की कुणाच्या मालकीची? सातबारा जोडा. वनजमीन असेल तर वनखात्याशी आधी बोला. जिथे २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाला आहे, तिथे जंगल राखण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा अधिकार ग्रामसभेचा आहे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने तो २००९ मध्ये मिळवला. अशा गावात ग्रामसभेचा ठराव हाच प्रस्तावाचा कणा. पुष्कळजण पंचायतीच्या मासिक सभेचा ठराव जोडतात. तो ग्रामसभेचा ठराव नव्हे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ग्रामसभांच्या तारखा धरूनच अर्जाची आखणी करा.

आता कामाविषयी. पर्यावरण म्हटलं की वृक्षलागवड, हे समीकरण सोडा. सोलापूरकडचे गवताळ माळ, कोकणातले कातळसडे ओसाड नाहीत. माळढोकाला उघडा माळच लागतो. तिथे झाडी उभी केली तर त्याचं घर मोडतं. अशा जागी गवत राखणं, चराई आळीपाळीने करणं, वणवा रोखणं हेच संवर्धन, आणि प्रस्तावात ते तसंच ठामपणे लिहावं. जिथे झाडं लावणं योग्य आहे, तिथे अंदाजपत्रक खड्डे आणि रोपांपाशी थांबू देऊ नका. ३ उन्हाळ्यांचं पाणी, कुंपण आणि राखणदाराची मजुरी धरा. हिवरेबाजार गावाने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी गावाच्या संमतीने पाळली, म्हणून तिथलं डोंगरावरचं काम टिकलं. तुमच्या गावात गुरं कुठे चरतील, याचं उत्तर प्रस्तावात हवं.

मोजमाप नसणं हा दोष मला फार सलतो, कारण तो टाळायला पैसे लागत नाहीत. ‘जनजागृती होईल’, ‘पाणीपातळी वाढेल’ एवढ्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. कामाआधीच्या मे महिन्यात दोरी आणि टेप घेऊन आठ-दहा विहिरींची पाणीपातळी मोजा, तारखेसह वहीत लिहा. फोटो त्याच जागेवरून, त्याच दिशेने काढा. पुढच्या मे महिन्यात पुन्हा मोजा. दोन ओळींचा हा तक्ता चार पानांच्या प्रस्तावनेपेक्षा जास्त बोलतो.

अंदाजपत्रकात सगळे आकडे गोल असतील तर वाचणाऱ्याला शंका येते. दरपत्रकं घ्या. श्रमदान रोजगार हमीच्या चालू मजुरीदराने मोजून गावाचा वाटा म्हणून दाखवा. कार्यकर्त्याचं मानधन ‘किरकोळ खर्चा’त दडवू नका, उघड लिहा, काम माणसंच करतात.

एवढं करूनही अर्ज नाकारला गेला, तर कारण लेखी विचारा. सगळे कळवत नाहीत, पण कळवणारे असतात. मंजुरी मिळाली आणि हप्ता लांबला, तर दुसऱ्या प्रकल्पाचे पैसे इकडे फिरवू नका. लेखापरीक्षणात ते उघडे पडतात आणि दोन्ही निधी अडकतात. जूनचे खड्डे ऑगस्टमध्ये खणावे लागणार असतील, तर ‘लागवड पुढच्या पावसाळ्यात करतो, तोवर रोपं वाढवतो आणि कुंपण घालतो’ असं पत्र लगेच पाठवा आणि लेखी होकार येईपर्यंत लागवडीसाठी मंजूर झालेला एक रुपयाही खर्चू नका.