जुनं विंडोज लाइव्ह मेल विंडोज ११ वर कसं चालवावं

ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला आणि घरातले, दुकानातले, छोट्या ऑफिसांतले जुने पीसी बदलायची वेळ आली. नव्या मशीनवर नवं आउटलुक आधीपासून असतं, त्यात खातंही जोडलं जातं, पण पूर्वीच्या मेल दिसत नाहीत. पीओपी पद्धतीत मेल सर्व्हरवरून उतरून आपल्या हार्ड डिस्कवर यायची आणि बहुतेक ठिकाणी सर्व्हरवरची प्रत पुसली जायची. ज्यांनी वर्षानुवर्षं आउटलुक एक्सप्रेस किंवा विंडोज लाइव्ह मेल हे मायक्रोसॉफ्टचे जुने मेल प्रोग्राम वापरले, त्यांचा सगळा पत्रव्यवहार त्या एका डिस्कवरच आहे. त्यामुळे आधी मेलची कॉपी काढा, प्रोग्राम बसवायची खटपट त्यानंतर.

मेलचा फोल्डर शोधा

जुना पीसी अजून सुरू होत असेल तर काम सोपं आहे. आउटलुक एक्सप्रेसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, मेन्टेनन्स या क्रमाने जा आणि ‘स्टोअर फोल्डर’ हे बटण दाबा. मेल कुठे साठवल्या आहेत त्याचा पूर्ण पत्ता समोर येतो. लाइव्ह मेलमध्ये हेच बटण ऑप्शन्सच्या ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबमध्ये, मेन्टेनन्सच्या आत आहे. प्रोग्राम बंद करून तो अख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या, आणि दुसरी कॉपी आणखी कुठेतरी ठेवा.

आउटलुक एक्सप्रेसच्या फाइली डीबीएक्स प्रकारच्या असतात, इनबॉक्ससारख्या प्रत्येक मेल-फोल्डरची एक फाइल. त्यांत ‘फोल्डर्स’ नावाची डीबीएक्स फाइल आहे ना, हे नक्की बघा. कोणत्या फाइलमध्ये कोणता फोल्डर आहे याची यादी तिच्यात असते, ती नसेल तर पुढे आयात अडते. लाइव्ह मेलमध्ये प्रत्येक मेल वेगळी ईएमएल फाइल असते, त्यामुळे तिथे धोका कमी.

लाइव्ह मेल बसवा

आउटलुक एक्सप्रेस एक्सपीनंतरच्या विंडोजवर चालत नाही, त्यामागे लागू नका. लाइव्ह मेल २०१२ मात्र विंडोज ११ वर सहसा चालतं आणि आउटलुक एक्सप्रेसच्या फाइलीही वाचतं. म्हणून दोन्ही प्रकारच्या लोकांनी हाच रस्ता धरावा.

लाइव्ह मेल हा ‘विंडोज एसेन्शियल्स २०१२’ या संचाचा भाग. मायक्रोसॉफ्टने १० जानेवारी २०१७ ला या संचाचा सपोर्ट बंद केला आणि डाउनलोडही काढून टाकलं. आता पूर्ण इन्स्टॉलर मिळतो तो इंटरनेट आर्काइव्हसारख्या संग्रहांत. फाइल उतरवली की लगेच उघडू नका. तिच्यावर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, ‘डिजिटल सिग्नेचर्स’ टॅबमध्ये सही मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशनची आहे आणि ती वैध दिसते, एवढं तपासा. सही नसेल तर ती फाइल डिलीट करा. लहान वेब इन्स्टॉलर घेऊ नका, तो ज्या सर्व्हरवरून पुढचा भाग आणतो ते बंद झाले आहेत.

इन्स्टॉल करण्याआधी ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’ ही खिडकी उघडून डॉट नेट फ्रेमवर्क ३.५ (जुन्या प्रोग्रामना लागणारा विंडोजचा भाग) वर टिक करा. बहुतेकांचं इन्स्टॉलेशन इथेच अडतं. मग इन्स्टॉलर चालवा, ‘सगळं बसवा’ हा पर्याय टाळून फक्त मेल निवडा.

जुन्या मेल आत आणा

पेन ड्राइव्हवरचा फोल्डर आधी नव्या पीसीच्या डिस्कवर उतरवा. लाइव्ह मेलमध्ये वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या निळ्या बटणातून ‘इम्पोर्ट मेसेजेस’ घ्या, प्रकार (आउटलुक एक्सप्रेस की लाइव्ह मेल) निवडा आणि फोल्डर दाखवा. मेल ‘स्टोरेज फोल्डर्स’ खाली येतात.

इथे एक अडथळा फार वेळा येतो. या फोल्डरमध्ये मेल सापडत नाहीत किंवा दुसऱ्या प्रोग्रामने फाइली उघडून ठेवल्या आहेत, असा संदेश येतो. मेल गेल्या असं वाटून माणूस घाबरतो. बॅकअप कधीकाळी सीडीवर घेतला असेल, तर सीडीवरून कॉपी केलेल्या फाइलींवर ‘रीड-ओन्ली’ची खूण राहिलेली असते. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधून ती टिक काढा, आतल्या सगळ्या फाइलींना लागू करा आणि पुन्हा आयात करा.

मराठी मेलचा प्रश्न वेगळा आहे. युनिकोड रुळण्याआधी आपल्याकडे श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएमचे फॉन्ट वापरून मेल जायच्या. त्या आज इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसतात, पण मजकूर बिघडलेला नसतो. मेल एचटीएमएल स्वरूपात असेल तर फॉन्टचं नाव तिच्यातच लिहिलेलं असतं. जुन्या पीसीच्या फॉन्ट्स फोल्डरमधून त्या फॉन्टची टीटीएफ फाइल आणून नव्यावर इन्स्टॉल केली की बाबांचं किंवा आत्याचं पत्र पुन्हा वाचता येतं. साध्या मजकुराची मेल असेल तर मजकूर वर्डमध्ये चिकटवून हाताने फॉन्ट लावावा लागतो. म्हणून जुनी डिस्क फॉरमॅट करण्याआधी फॉन्टही उचलून ठेवा. हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

खातं जोडायचं का?

माझं मत स्पष्ट आहे: रोजच्या मेलसाठी लाइव्ह मेल वापरू नये. २०१७ पासून त्याला सुरक्षेची दुरुस्ती मिळालेली नाही. तरी जोडायचंच असेल तर जीमेलचा नेहमीचा पासवर्ड चालणार नाही, गूगलने ती सोय बंद केली आहे. गूगल खात्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा, १६ अक्षरी ॲप पासवर्ड तयार करा आणि तो लाइव्ह मेलमध्ये टाका. पीओपीऐवजी आयमॅप पद्धत निवडा, म्हणजे मेल सर्व्हरवरही राहतील. येणाऱ्या मेलसाठी पोर्ट ९९३, जाणाऱ्यासाठी ४६५, दोन्हीकडे एसएसएल, आणि जाणाऱ्या सर्व्हरसाठी ‘ऑथेंटिकेशन’वर टिक. हॉटमेल आणि आउटलुक डॉट कॉमची खाती मात्र जुळणार नाहीत. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२४ मध्ये फक्त पासवर्डने आत येणं बंद केलं आणि नवी पद्धत लाइव्ह मेलला येत नाही.

खातं जोडलंत तर ऑप्शन्सच्या ‘रीड’ टॅबमध्ये ‘सगळ्या मेल साध्या मजकुरात वाचा’ हा पर्याय चालू करा. फॉन्टवाल्या जुन्या मेल वाचताना तो तेवढ्यापुरता बंद करावा लागेल.

मेल पुढे न्या

लाइव्ह मेलच्या निळ्या बटणातून ‘एक्सपोर्ट ईमेल’ घेऊन सगळं एका रिकाम्या फोल्डरमध्ये काढा. थंडरबर्ड या मोफत मेल प्रोग्राममध्ये ‘इम्पोर्टएक्सपोर्टटूल्स एनजी’ हे ॲड-ऑन बसवलं की तो फोल्डर आतल्या उपफोल्डरांसकट घेता येतो. प्रत्येक फोल्डरमधल्या मेलची संख्या दोन्हीकडे जुळवून बघा. एखादी मोठी अटॅचमेंट, एखादी फॉन्टवाली मराठी मेल उघडून पाहा. सगळं जुळेपर्यंत जुनी डिस्क भंगारात देऊ नका आणि कुणाला फॉरमॅटही करू देऊ नका.