शिंकेलचं म्युझियम वहीत कसं उतरवायचं
आर्किटेक्चरला नवीन असाल तर जर्मन आर्किटेक्ट कार्ल फ्रीडरिश शिंकेलपासून सुरू करा, १७८१ चा जन्म, लहानपणी गावाला आग लागली त्यात वडील गेले आणि पुढं याच माणसानं बर्लिनचा चेहरा बदलला.

त्याचं बर्लिनमधलं आल्टेस म्युझियम (१८३० ला उघडलं) घ्या. आधी पानावर मधली उभी रेघ मारा, मग दोन्ही बाजूंना ९-९ खांब, एकूण १८. रेघेवर खांब येऊ देऊ नका, तिथं मोकळी जागाच पाहिजे, कारण समोरच्या रुंद पायऱ्या चढून माणूस सरळ त्या फटीतून आत जातो. आत गोल घुमटाचा हॉल आहे, पण बाहेरून घुमट दिसत नाही, चौकोनी भिंतीआड लपवलाय, हे मला फार भारी वाटतं.

चित्र झालं की वही घेऊन नाशिकच्या सराफ बाजारात जुन्या सरकारवाड्यासमोर उभे राहा, सकाळी लवकर जा म्हणजे गर्दी नसते. तिथंही आधी मधली रेघ, मग खांब मोजा. मोजपट्टी नको, हात लांब करून पेन्सिलनंच माप घ्या.