टोपलीचे सभासद आणि विहिरीचं पाणी: दसऱ्यापासून मृगापर्यंतचं नियोजन

परतीचा पाऊस सरला की आपल्या मराठवाड्यातल्या विहिरी तुडुंब दिसतात. नेमकं याच दिवसांत शहरातली माणसं विचारायला लागतात की यंदा आठवड्याच्या भाजीची टोपली सुरू करणार का, आमचं नाव घ्या. आगाऊ पैसे भरणारे, पेरणीच्या आधी तुमच्यावर विश्वास टाकणारे असे सभासद मिळणं ही लहान सेंद्रिय शेतकऱ्यासाठी फार मोठी गोष्ट आहे. म्हणूनच त्यांना शब्द देताना घाई करू नका. किती घरं घ्यायची हे ऑक्टोबरची विहीर सांगत नाही, ते एप्रिलची विहीर सांगते.

आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. पाणी मुरतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, त्याखाली साठा थोडाच. त्यामुळे विहीर भरते झपाट्यानं आणि उतरतेही तशीच. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आणि 2025 च्या सप्टेंबरमध्ये याच मराठवाड्यात पुरानं उभी पिकं आणि वरची माती वाहून नेली. दोन्ही टोकं एकाच भागाची आहेत. टोपलीचं नियोजन या दोन्हींना धरूनच करावं लागतं.

आधी विहीर मोजा

'दोन परस पाणी आहे' एवढ्या अंदाजावर भाजीपाला धरू नका. हिशोब सोपा आहे. 20 फूट व्यासाच्या गोल विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे 8,900 लिटर. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस मोटार चालवून पाणी खाली घ्या, दोरीला गाठ मारून पातळी धरा आणि बरोबर 24 तासांनी पुन्हा बघा. जेवढे फूट चढलं तेवढा तुमचा रोजचा झरा. विहिरीत आधीचं साठलेलं पाणी या हिशोबात धरूच नका, ते अडीनडीला राहू द्या.

आता रानाकडे या. दहा गुंठ्यांवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण 1,000 लिटर. हिवाळ्यात पालेभाज्यांना आणि फळभाज्यांना दिवसाला सरासरी चार मिलिमीटर धरा, म्हणजे दहा गुंठ्यांना 4,000 लिटर. एप्रिल-मे मध्ये तेच रान 8,000 लिटर मागतं, आणि तेव्हा झरा मात्र आटलेला असतो. उन्हाळ्यात झरा निम्म्यावर येईल असं गृहीत धरलं, तर हिवाळ्यात एक एकर भाजी सहज भिजवणारी विहीर मे महिन्यात दहाच गुंठे सांभाळते. ठिबक आणि आच्छादनानं यात बरीच बचत होते, पण त्या बचतीच्या भरवशावर जास्तीची घरं घेऊ नका.

यावर माझं स्पष्ट मत असं आहे की वर्षभराची एकच नोंदणी ठेवू नये. दसरा ते होळी ही एक नोंदणी, होळी ते मृग ही दुसरी. पहिलीत 30 घरं असतील तर दुसरीत 12 ते 15 च घ्या. सभासदांना हे कारणासकट सांगा, हिशोबाचा कागद दाखवा. शहरातल्या माणसालाही टँकर म्हणजे काय ते ठाऊक असतं, तो समजून घेतो. पैसे भरून घेऊन मे महिन्यात रिकामी टोपली पाठवण्यापेक्षा हे शंभरदा बरं.

पेरणी आठवड्याला, वाफ्याच्या मापानं

बाजारासाठी पिकवायची सवय असलेला शेतकरी अर्धा एकर मेथी एकदम टाकतो. टोपलीसाठी ते चालत नाही. 20 घरांना आठवड्याला अर्धा-अर्धा किलो मेथी म्हणजे दहा किलो. चांगल्या रानात गुंठ्याला 60–70 किलो मेथी निघते, म्हणजे उगवण कमी झाली, थोडी किडीनं खाल्ली असं धरूनही पाव गुंठा पुरतो. तो पाव गुंठा दर आठवड्याला, न चुकता, वारावर टाकायचा. मेथी 25–30 दिवसांत, शेपू 35–40, कोथिंबीर आणि मुळा 40–45 दिवसांत काढणीला येतात, हे धरून वहीत काढणीच्या दिवसापासून मागे मोजत या. वेळ अमावास्येला मुळा हवा असेल तर तो कोणत्या आठवड्यात पेरायचा हे त्या वहीनं सांगावं. पालकाचं बरं असतं, पहिली कापणी महिन्यात आणि पुढे दर 15–20 दिवसांनी, त्यामुळे तो तीन आठवड्यांतून एकदा पेरला तरी भागतं.

धने पेरण्याआधी हलक्या हातानं रगडून दोन फाका करा, नाहीतर उगवण विरळ होते. भारी काळ्या रानात गादीवाफेच करा. ऑक्टोबरात एखादी जोराची सर आली तर सपाट वाफ्यात पाणी थांबतं आणि कोथिंबीर पिवळी पडून जाते. वाफसा आल्याशिवाय, म्हणजे जादा ओल निघून गेल्याशिवाय, रानात पाय घालू नका, कुणाला घालू देऊ नका. ओली काळी माती एकदा तुडवली गेली की हंगामभर त्या जागी मुळं खाली जात नाहीत.

वांगी आणि टोमॅटोची रोपं 25–30 दिवसांची लावा, पहिला तोडा लागवडीनंतर साधारण 65–75 दिवसांनी. ती एकदम न लावता तीन आठवड्यांच्या अंतरानं दोन टप्प्यांत लावा. लसूण ऑक्टोबर-नोव्हेंबरातच. कांद्याचं बी ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात टाका आणि डिसेंबर ते मध्य जानेवारीपर्यंत लागवड उरका. उन्हाळ्यातल्या टोपलीचा खरा आधार हा कांदाच आहे, त्यासाठी जागा राखून ठेवा. गाजर 80–90 दिवस घेतं. सभासदांच्या घरातली मुलं त्याची वाट बघतात, तेव्हा एक वाफा लवकर टाका.

कोबी-फ्लॉवरमध्ये चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी येणारच. कोबीच्या 25 ओळींनंतर मोहरीच्या दोन ओळी घ्या, पहिली लागवडीच्या 15 दिवस आधी पेरायची, दुसरी लागवडीनंतर 25 दिवसांनी. पतंग मोहरीवर अंडी घालतो आणि निंबोळी अर्क आधी तिथेच मारता येतो. पाच टक्के अर्कासाठी पाच किलो लिंबोळ्यांची भरड रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून पिळून गाळा, साबणाचं पाणी मिसळा आणि एकूण 100 लिटर करा. फवारा ऊन उतरल्यावर. उन्हाळ्यात कडुलिंबाखालच्या लिंबोळ्या वेचून सावलीत वाळवून ठेवल्या असतील तर हे काम फुकटात होतं. यंदा राहिलं असेल तर येत्या जूनला पोतं घेऊन लिंबाखाली जाच.

जीवामृत एकराला 200 लिटर लागतं: दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. दहा गुंठ्यांसाठी याचा चौथा हिस्सा. थंडीत ते मुरायला जास्त दिवस लागतात, घाई करू नका.

बांधापलीकडची फवारणी

नोव्हेंबर-डिसेंबरात शेजारची तूर फुलात-शेंगेत असते, हरभऱ्यावर घाटे अळी असते आणि शेजारी फवारतो. तो त्याचा संसार आहे, त्याच्याशी भांडून काही साधत नाही. फवारणीच्या आदल्या दिवशी एक फोन करायला सांगा, बहुतेक जण करतात. आपल्या बाजूला मका किंवा ज्वारीच्या चार-सहा दाट ओळी, कायमची हवी असेल तर शेवरी, अशी आड धरा. त्या ओळींचा आणि त्यालगतच्या वाफ्यांचा माल टोपलीत घालू नका. आच्छादनासाठी सोयाबीनचं भुसकट बाहेरून आणत असाल तर ते कुणाच्या रानातलं, त्यावर काय मारलं होतं, हे विचारून मगच आणा.

सहभागी हमी पद्धतीचं, म्हणजे गटातल्या शेतकऱ्यांनी एकमेकांची शेती तपासून द्यायचं सेंद्रिय प्रमाणपत्र घ्यायचं असेल तर किमान पाच शेतकऱ्यांचा गट लागतो. गावात पाच नसतील तर शेजारच्या गावातले जोडा. आणि रान अजून रूपांतरात, म्हणजे रासायनिककडून सेंद्रियकडे वळत असेल तर तसंच सांगा. 'सेंद्रिय' हा शब्द त्याआधी टोपलीवर लिहू नका.

वेळ अमावास्या आणि हुरडा

लातूर, धाराशिव आणि बीडच्या काही भागांत मार्गशीर्षातली वेळ अमावास्या घरात कुणी साजरी करत नाही, अख्खं गाव रानात जातं. कडब्याची कोपी, पूजा, आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि हिरव्या शेंगा-भाज्या घोटून केलेली भज्जी. त्या आठवड्याची टोपली याच दिवसासाठी लावा: तुरीच्या हिरव्या शेंगा, ओला हरभरा, वाटाणा, पातीचा कांदा, मेथी, म्हणजे भज्जीचं सगळं सामान. आणि सभासदांना रानात बोलवा. वर्षातून एकच दिवस बोलवायचं असेल तर हाच. मुलं शेंगा तोडतात, आजी त्यांना भज्जी कशी घोटायची ते सांगतात, आणि त्यानंतर थोडं किडलेलं वांगं आलं म्हणून कुणाचा फोन येत नाही.

हुरड्यासाठी गूळभेंडी ज्वारीचा छोटासा पट्टा धरा. ती सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला पेरली की थंडीत दाणा दुधाळ येतो. हुरड्याचे पैसे वेगळे घ्यायचे की वर्गणीत धरायचे ते आधी ठरवा. मी वर्गणीत धरण्याच्या बाजूचा आहे.

डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. अशा रात्री टोमॅटो आणि वांग्याच्या रोपांना संध्याकाळी हलकं पाणी द्या, रोपवाटिका पोत्यानं किंवा कडब्यानं झाका.

होळीनंतर

उन्हाळ्याच्या भेंडी, गवार, चवळीची पेरणी थंडी ओसरली की, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत. भेंडीत पिवळ्या शिरांचा रोग पांढऱ्या माशीमुळे पसरतो. परभणीच्या कृषी विद्यापीठानं काढलेली परभणी क्रांती या रोगाला प्रतिकारक म्हणून ओळखली जाते, तिचं बीही घरी धरता येतं. तरी एखादं झाड पिवळं दिसलं की उपटून जाळा. दोडका, कारली, दुधी मांडवावर चढवा आणि त्याच मांडवाच्या सावलीत पालक-कोथिंबिरीचे दोन वाफे जगवा.

एप्रिल-मे मध्ये टोपलीत हिरवं कमी असणारच. तिथे घरचं धान्य आणि साठवण घाला. कांद्याच्या निम्म्या माना पडल्या की पाणी तोडा, काढून पातीखाली झाकत तीन-चार दिवस रानात सुकवा, इंचभर मान ठेवून कापा आणि सावलीत हवेशीर ठेवा. डांगर, लसूण, हळद, घरी भरडलेली तूरडाळ, ज्वारी. बोरसुरीची तूरडाळ, जालन्याची दगडी ज्वारी, लातूरकडची काष्टी कोथिंबीर आणि पानचिंचोलीची चिंच यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या कोरडवाहू रानाची चव काय आहे हे आता बाहेरही मान्य झालं आहे. ते नाव त्या-त्या भागातल्या मालालाच लावता येतं, पण आपली गावरान ज्वारी आणि डाळ सभासदाला अभिमानानं द्यायला काहीच हरकत नाही. घरातल्या बायका सांडगे, कुरडया, वड्या करत असतील तर त्यांच्या कष्टाचा दर वेगळा लावा आणि ते पैसे त्यांच्याच हातात द्या.

फेब्रुवारीअखेर बियाण्याची झाडं निवडून त्यांना रंगीत चिंधी बांधा: वांग्याचं निरोगी झाड, मेथी आणि धन्याचा एक-एक वाफा. त्यावरची भाजी कितीही चांगली दिसली तरी तोडू नका. बी वाळवून राखेत घोळून डब्यात ठेवा, वर नाव आणि महिना लिहा.

मे अखेर वांगी-मिरचीची रोपवाटिका टाका. मृग निघाला म्हणून लगेच खरिपाची पेरणी नको, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा येऊ द्या. ज्या वाफ्यांनी वर्षभर भाजी दिली त्यांतल्या निम्म्यांवर हिरवळीच्या खतासाठी ताग टाका आणि फुलावर यायच्या बेतात, साधारण 45 दिवसांनी गाडा. दसऱ्याची मेथी त्याच वाफ्यांत पेरायची. नव्या नोंदणीचा हिशोब ताग गाडून झाल्यावर करायला घ्या, आणि त्या वेळी गेल्या डिसेंबरची आणि एप्रिलची विहिरीची नोंद वहीत शेजारी-शेजारी लिहा. नवी घरं किती घ्यायची ते त्या दोन आकड्यांवरून ठरेल.