मुंबईच्या शाळेतल्या भुतांवर मुलांसाठी काळ्या विनोदाची कादंबरी लिहिताय? या चुका टाळा

‘रात्रीचे बारा वाजले होते, शाळा सुनसान होती’ अशी सुरुवात केली असेल, तर पहिली चूक तिथेच झाली. मुंबईतली शाळा सुनसान असते कधी? सकाळचं अधिवेशन सुटतंय तोवर दुपारचं भरतं. संध्याकाळी कुठे रात्रशाळा, रविवारी परीक्षा केंद्र, निवडणूक आली की मतदान केंद्र. बारा वाजता तर समोरच्या भुर्जीच्या गाडीवर गर्दी असते. ही अडचण वाटते, पण खरा माल इथेच आहे. भुतांनाच जागा मिळत नाही असं करा. सकाळच्या अधिवेशनातलं भूत आणि दुपारच्या अधिवेशनातलं भूत एकाच बाकावरून भांडू देत. मुंबईच्या मुलांना जागेची मारामारी समजावून सांगावी लागत नाही.

दुसरी चूक भुताच्या निवडीत होते. पांढरा झगा, भोपळा, करकरणारा जिना हे मुलांनी पडद्यावर इतक्यांदा पाहिलंय की त्याला आता कुणी भीत नाही आणि हसतही नाही. आपल्याकडे मुंजा, हडळ, समंध, वेताळ अशी भरगच्च मंडळी आहेत आणि प्रत्येकाचे कायदे ठरलेले आहेत. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेला, तो मुंजा, राहायला पिंपळावर. आता गिरगाव-लालबागच्या जुन्या इमारतींकडे मान वर करून पाहा. तिसऱ्या मजल्यावर, पाइपाशेजारच्या भेगेतून हातभर पिंपळ उगवलेला दिसेल. त्यावर एक मुंजा कसाबसा तोल सांभाळून बसलाय आणि पावसाळ्याआधीच्या डागडुजीत कंत्राटदार त्याचं घर उपटायला येणार आहे! देवचार मात्र शाळेत आणू नका. तो कोकणातल्या आपल्या गावाची हद्द राखतो, ती सोडून परळला येत नाही. एखाद्या मालवणी आजीने पुस्तक चाळलं तर पहिली चूक हीच काढेल.

आता सगळ्यात मोठी चूक. काळा विनोद म्हणजे मरणाची टिंगल, असं समजून लिहिणं. मुलाच्या मरण्यावर हसवायला गेलात की दहा वर्षांचा वाचक गप्प होतो आणि पुस्तक मिटतो. मरण खरंच ठेवा, दोन ओळींत आणि साध्या शब्दांत. हसू काढायचं ते मेल्यानंतरही न सुटणाऱ्या शाळेतून. १८९६च्या प्लेगमध्ये गेलेला मुलगा पात्र म्हणून घेता येईल, पण त्याचा ताप हा गमतीचा विषय होत नाही. त्याच्याकडे शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून त्याला वर घेत नाहीत, ही गंमत. २६ जुलै २००५च्या पुरासारख्या घटना मी तरी यात घेणार नाही. त्यात माणसं गमावलेली घरं अजून आपल्या आसपास आहेत.

आणि खरी काळी गंमत कुणी वापरत कशी नाही, याचं मला नवल वाटतं. मुंबईत मराठी शाळांची पटसंख्या घसरतेय. पट घसरला की शिक्षक अतिरिक्त ठरतात, तुकड्या बंद होतात. मग एखाद्या मुख्याध्यापिका बाईंनी वर्ग वाचवायला भुतांचीच नावं हजेरीपटावर चढवली तर? पटपडताळणीला अधिकारी येतात, बाई ‘हजर!’ म्हणवून घेतात, आवाज येतो, मूल दिसत नाही. आधारला बोटांचे ठसे कुठून आणायचे? खिचडीच्या हिशेबात रोज तेवढ्या वाट्या जास्त लागतात, त्या कुणी खाल्ल्या? इथे वाचक हसतो आणि मोठ्यांच्या जगाची त्याला थोडी भीतीही वाटते. आपल्याला दोन्ही एकाच वाक्यात हवंय.

गुरुजींचं भूत घेतलंत तर त्याला नुसतं छडी घेऊन फिरवू नका. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने मारायला बंदी आहे, तेव्हा छडी आहे पण उगारता येत नाही, अशी त्याची गोची करा. पावकी, निमकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ असलेल्या या माणसाच्या कानावर एक दिवस पंचवीसला ‘वीस पाच’ पडू दे. २०१९मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात असं वाचन आल्यावर जिवंत माणसंसुद्धा किती खवळली होती, आठवतंय ना?

भाषेचं थोडक्यात: जिवंत मुलं ‘अरे, हे भूत फुल टाइमपास आहे’ असंच बोलतील. पुस्तकी मराठी फक्त भुतांच्या तोंडी ठेवा, कोण मेलंय ते आपोआप कळतं.

शेवटी ‘सगळं स्वप्न होतं’ किंवा ‘चादर पांघरून वॉचमनकाका निघाले’ असं करू नका. अंधश्रद्धा पसरेल या धास्तीने लेखक हे करतात. त्यापेक्षा दर पानाला पुरावा मागणारी एक मुलगी आत घाला. भुताने प्रयोगवहीत निरीक्षण, अनुमान लिहून द्यावं, असा तिचा हट्ट. भूत वैतागतं आणि धास्तीचा प्रश्न कथेतच निकालात निघतो.

एवढं करूनही प्रकरण जमत नसेल तर चौथी ते सातवीच्या चार-पाच मुलांना मोठ्याने वाचून दाखवा. चुळबुळ झाली तिथे तुम्ही विनोद समजावून सांगताय. ते वाक्य खोडा. कुणी शेजाऱ्याला चिकटलं आणि हसलं नाही, तर भुताला लगेच एखादं फालतू काम द्या: डस्टर झटकणं, घंटा वाजवणं, दहावीच्या बाकांवर आसनक्रमांक चिकटवणं.