गॅस भरलेला, पण पेटेना

इंदूरला आमच्या गच्चीवर हजार लिटरची बायोगॅस टाकी आहे. रोज दोनेक किलो ओला कचरा, तेवढंच पाणी. सकाळचा चहा त्यावरच. डिसेंबरात घोळ झाला. गॅस साठणारा वरचा डबा फुगून वर आलेला, पण काडी लावली की नुसतं फुस्स. नळीत पाणी साचलं असेल म्हणून ती झटकली. चार थेंब निघाले, बस्स.

मग टाकीतून बाहेर येणारी स्लरी (कुजलेल्या कचऱ्याचं पातळ पाणी) हुंगली. शिळ्या ताकासारखी आंबूस! आंबटपणा मोजणारी पीएचची पट्टी बुडवली, तर साडेपाच; सातच्या खाली म्हणजे आम्ल. घरात चौकशी केल्यावर कळलं: सत्यनारायणाचा उरलेला भात आणि पाटीभर संत्र्याची सालं आईनं एकदमच ओतली होती. "कचराच ना रे तो?" बरोबरच आहे म्हणा. पण आम्ल करणारे जिवाणू चपळ, मिथेन, म्हणजे पेटणारा गॅस, करणारे मंद, थंडीत तर आणखीच. आम्ल साचलं की हे मंद जिवाणू बसूनच घेतात. मग डब्यात भरतो तो बहुतेक कार्बन डायऑक्साइड. तो कसला पेटतोय!

भरणा आठ दिवस बंद. जुना गॅस उघड्यावर सोडला. गवळ्याकडून दोन बादल्या ताजं शेण आणून कालवून ओतलं, चुन्याची निवळी थोडी थोडी घातली. पीएच सातच्या जवळ आल्यावर अर्ध्या किलोपासून सुरुवात. बाराव्या दिवशी निळी ज्योत!

संत्र्याची सालं आता महापालिकेच्या गाडीत. देवगुराड्याच्या बायो-सीएनजी प्रकल्पाची (ओल्या कचऱ्यापासून वाहनांचा गॅस करणारा, सुरू फेब्रुवारी 2022) क्षमता सुरुवातीलाच रोजची 550 टन होती. त्याला पाटीभर सालं बाधायची नाहीत.