गिझर गळतोय आणि कंपनी म्हणते, 'वॉरंटीत बसत नाही'

आमच्याकडे बोअरचं पाणी. गिझरची टाकी गळायला लागली तेव्हा कंपनीच्या मेकॅनिकने एलिमेंट (पाणी तापवणारा भाग) बाहेर काढला, त्यावरचा पांढरा थर नखाने खरवडला आणि म्हणाला, "क्षाराचं पाणी आहे, वॉरंटी नाही."

असं तोंडी उत्तर अजिबात मान्य करू नका. मेन स्विच बंद करून गळतीचा व्हिडिओ घ्या. नकाराचं कारण जॉबशीटवर, म्हणजे मेकॅनिक सही घेतो त्या कामाच्या कागदावर, लिहून मागा. त्याशिवाय सही नाही. वॉरंटी कार्ड बारकाईने वाचा, टाकी आणि एलिमेंटच्या मुदती बहुधा वेगळ्या असतात. पाण्याची अट त्यात नसेल तर तसं ईमेलने ठणकावून कळवा.

तरीही दाद दिली नाही, तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. पुढे जिल्हा ग्राहक आयोग: ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मात्र तक्रार २ वर्षांच्या आत करा.